खालची बिजागरी

सांधेमास्तरांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायको होती, पण ती 'अहो'वरच भागवायची. मोठ्या इस्पितळाच्या मागे कृत्रिम हातपाय बनवायचा कारखाना होता. तिथं त्यांनी एकतीस वर्षं गुडघे, घोटे आणि कोपरं जुळवली आणि त्यातूनच हे नाव चिकटलं. माणूस व्हरांड्यातून चालत येत असताना, त्याचं तोंडही दिसायच्या आधी, मास्तर पावलांच्या आवाजावरून सांगायचे, "आतल्या बाजूचा स्क्रू ढिला झालाय." आणि तो झालेला असायचा.

निवृत्त झाल्यावर पहिल्या आठ महिन्यांत त्यांनी घरातल्या एकूण एक कपाटाची, खिडकीची आणि दाराची बिजागरी काढून, घासून, तेल घालून परत बसवली. शेवटी बायकोनं हात जोडले.

"अहो, दार आता इतकं गुपचूप उघडतं की तुम्ही मागे येऊन कधी उभे राहता ते कळतसुद्धा नाही. माझ्या जिवाचं पाणी होतं. बाहेर कुठंतरी काम बघा."

आणि त्याच आठवड्यात बाई आल्या.

बाई म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचे यजमान टपाल खात्यात पत्रांची छाननी करायचे, म्हणून सगळे त्यांना टपालवाले म्हणत. टपालवाल्यांनी घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं खपून एक विमान जुळवत आणलं होतं. खरंखुरं, दोन माणसांचं. लाकडी खोक्यांतून सुटे भाग आले होते, सोबत जाडजूड पुस्तक होतं, आणि बाकी सगळं टपालवाल्यांच्या दोन हातांवर होतं. बिजागऱ्यांबद्दल काही अडलं की ते इस्पितळाच्या कारखान्यात मास्तरांकडे येऊन बसायचे. वर्षभरापूर्वी एका सकाळी शेडमधल्या स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा प्राण गेला. पाना हातातच होता.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "अंग झालंय, पंख झालेत, इंजिन बसलंय. हलणारे भाग तेवढे राहिलेत. सांधे. आता सांध्यांना तुमच्याशिवाय कुणाला बोलवू?"

मास्तरांनी आयुष्यात विमान जवळून पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. पंखाच्या मागच्या कडेला हलणारी फळी बसते, तिला एलेरॉन म्हणतात. शेपटीला आडवी फळी असते ती एलेव्हेटर, आणि उभी असते ती रडर, म्हणजे सुकाणू. प्रत्येकीला दोन किंवा तीन बिजागऱ्या. त्या सगळ्या एका सरळ रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर फळी अडकते. सैल राहिली तर वेगात थरथरायला लागते आणि थरथरता थरथरता विमानाचे तुकडे करते. पुस्तकातला हा भाग वाचून मास्तरांनी मान डोलावली. गुडघ्याचंही असंच असतं, फक्त तुकडे माणसाचे होतात.

शेडमधली हत्यारं सगळी डाव्या बाजूला टांगलेली होती. टपालवाले डावखुरे होते. मास्तरांनी ती काही हलवली नाहीत. मेलेल्या माणसाची शिस्त मोडायला त्यांना जड गेलं.

वेळही ठरून गेली. सकाळी नऊ ते एक काम, मग घरी जेवण आणि वामकुक्षी, परत चार ते सहा. बाईही दुपारी झोपायच्या. यजमान गेल्यापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी गोळी दिली होती, ती रात्री घेतली तर सकाळी चढायची, म्हणून बाई ती दुपारी जेवल्यावर घ्यायच्या आणि तीन तास मेल्यासारख्या पडायच्या.

चौथ्या दिवशी मास्तरांनी डाव्या पंखाचा एलेरॉन उचलून लावला. बाहेरच्या बिजागरीत बोल्ट घातला. आतल्या बिजागरीत वॉशर किती लागतील ते मोजायचं होतं, म्हणून ती तशीच सोडून ते जेवायला गेले. चार वाजता येऊन बघतात तर आतली बिजागरी बसलेली. बोल्ट, वॉशर, नट, नट फिरू नये म्हणून घालायची बारीक पिन, तिची टोकं नीट दुमडलेली. वर लाल रंगाची रेघ. नट पक्का आवळला की त्याच्यावरून बोल्टवर अशी रेघ ओढतात, म्हणजे पुढं तो जरासा जरी फिरला तरी रेघ तुटून दिसते.

मास्तर स्वतःशीच पुटपुटले, "वय झालं. केलेलं आठवत नाही."

पण घरी जाईपर्यंत ती रेघ त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. रेघ उजवीकडे कललेली होती. मास्तरांची रेघ डावीकडे कलायची.

पुढच्या दोन दिवसांत उजवा एलेरॉन बसला, त्यातलाही निम्माच मास्तरांनी बसवलेला, उरलेला दुपारी आपोआप. मग त्यांनी मुद्दाम एक गोष्ट केली. एलेव्हेटरचे बोल्ट, वॉशर आणि पाने पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडले आणि कुलूप लावून घरी गेले. चार वाजता कुलूप जसंच्या तसं होतं. एलेव्हेटर बसलेला होता. फडक्यावरचे पाने उलट्या क्रमानं लावलेले होते, आरशात दिसावेत तसे. मास्तरांनी फट मोजली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मिलिमीटर, केसभराचाही फरक नाही. एकतीस वर्षांत त्यांना स्वतःला असं काम फार तर चार-पाच वेळा साधलं होतं.

मास्तरांच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी त्यांना थोडा मत्सरही वाटला.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं ताटातून मान वर न करता ऐकून घेतलं.

"भूत असेल तर गुणी आहे," ती म्हणाली. "काम करतं, बोलत नाही, चहासुद्धा मागत नाही. तुम्ही शिका काहीतरी."

रडरच्या वेळी मात्र उलटंच झालं. रडरला तीन बिजागऱ्या, एकाखाली एक. मास्तरांनी तिन्ही एकाच सकाळी बसवल्या, रेघाही ओढल्या. चार वाजता वरच्या दोन जागेवर होत्या. खालचीचा बोल्ट काढून फडक्यावर ठेवलेला होता आणि त्याच्यावर त्याचा नट बोटानं फिरवून अडकवला होता, हरवू नये म्हणून. मास्तरांनी तो परत बसवला. दुसऱ्या दिवशी तो परत फडक्यावर. तिसऱ्या दिवशीही तेच.

टपालवाल्यांची एक वही होती. कुठला भाग कुठल्या दिवशी बसवला याची नोंद. त्यांच्यानंतर मास्तर तीत लिहू लागले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वही उघडली आणि त्यांचा हात तसाच राहिला. त्यांच्या सकाळच्या नोंदीखाली, त्याच दिवसाची तारीख घालून, मागं झुकलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'रडर. खालची नको.'

त्यांनी पानं मागं उलटली. अकरा वर्षांच्या नोंदी त्याच अक्षरात होत्या.

मास्तर वही घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली आणि मिटली.

"हे जुनं असेल."

"तारीख आजची आहे, बाई."

"मग तुम्ही लिहिलं असेल." बाईंचा आवाज शाळेतला झाला. "मास्तर, मला थट्टा कळते. ही थट्टा नाही."

"मी कशाला करीन? शेडला मागचं दार आहे ना, तुमच्या घरात उघडणारं?"

"आहे. कडी माझ्या बाजूनं आहे. आणि मी त्या वेळी झोपलेली असते. मला साधी खिडकीची खिट्टी धड लावता येत नाही, मी विमानाला हात लावीन?"

मास्तर ओशाळून घरी आले. बायको या खेपेला हसली नाही. "उद्या दुपारी झोपू नका," एवढंच म्हणाली. "जाऊन बघा."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मास्तर शेडच्या पुढच्या दाराशी आले. ऊन रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तापलेला पत्रा मधूनच टण् टण् वाजत होता. त्यांनी कुलूप हळूच काढलं आणि दार ढकललं. त्याची बिजागरी त्यांनीच तेल घालून मऊ केलेली होती, तिनं हूं का चूं केलं नाही.

मागचं दार सताड उघडं होतं. शेपटीपाशी बाई उभ्या होत्या. अनवाणी. एका बाजूचे केस उशीनं चपटे झालेले, गालावर उशीच्या शिवणीचा वळ. डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती. त्यांच्या डाव्या हातात पाना होता आणि तो हात चालला होता अगदी सवयीनं, घाई नाही, थांबणं नाही. उजवा हात बाजूला लोंबत होता, त्याला काही कामच नसल्यासारखा.

मागं फिरावं असं फार वाटलं. पण कारागिराचे डोळे त्या डाव्या हातावरून हटेनात.

"दिवा धर गं," बाई म्हणाल्या.

आवाज बाईंचाच होता. बोलण्याची धाटणी त्यांची नव्हती.

मास्तरांनी काय केलं ते त्यांना पुढं कितीदा आठवून आश्चर्य वाटलं. त्यांनी बाकावरची बॅटरी उचलली, पेटवली आणि जवळ जाऊन खालच्या बिजागरीवर धरली. बाईंनी बोल्ट काढला. मग बिजागरीची लोखंडी कोयंडी, म्हणजे बोल्ट ओवायचं भोकाचं टोक, अंगठ्याच्या नखानं चाचपली, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"दिसतंय?"

"नाही," मास्तर म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

"मग हात लाव."

बाईंनी त्यांचं बोट धरलं. एवढ्या उन्हात त्यांचा हात गार होता. त्यांनी ते बोट कोयंडीच्या भोकाशेजारी टेकवलं आणि हलकेच ओढलं. मास्तरांना काही लागलं नाही. दुसऱ्यांदा ओढल्यावर लागलं, किंवा लागल्यासारखं वाटलं. रंगाखाली केस अडकलेला असावा इतकंच.

बाईंनी बोट सोडलं. बोल्ट फडक्यावर ठेवला, नट अडकवला, बाकाशी जाऊन वहीत काहीतरी लिहिलं आणि मागच्या दारानं आत गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मास्तर टेकायला म्हणून स्टुलावर बसले, आणि ते कुठलं स्टूल आहे हे आठवून ताडकन उठले.

मग ते कामाला लागले. इस्पितळात लोखंडी गुडघ्याची शंका आली की एक जुना उपाय करत. कोयंडीवरचा रंग खरवडून काढायचा, रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी फुंकायची. तडा असला तर त्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं. मास्तरांनी हे सगळं केलं आणि वाट पाहत उभे राहिले. पाच मिनिटांनी पांढऱ्या भुकटीवर एक बारीक काळपट रेघ उमटली, भोकापासून निघून निम्म्या वाटेपर्यंत गेलेली.

ही कोयंडी त्यांनी स्वतः चष्मा लावून तपासली होती. चांगली आहे म्हणून वहीत लिहिलं होतं.

चार वाजता बाई चहा घेऊन आल्या. केस विंचरलेले, चेहरा धुतलेला. मास्तरांनी त्यांना बसवलं आणि काहीही न लपवता सांगितलं. बाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या उठून जायला निघाल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी डावा हात समोर धरला. अंगठ्याच्या नखात लाल रंग होता.

"रोज संध्याकाळी हात धुताना लाल निघतं," त्या सावकाश म्हणाल्या.

"तुम्हाला काय वाटायचं?"

"काहीच वाटायचं नाही, मास्तर. तेच तर."

बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. मग बाई बोलायला लागल्या. अकरा वर्षं त्यांनी दिवा धरला होता. शाळेतून यायचं, दिवा धरायचा. मनात दुसऱ्या दिवशीचे तास, शिक्षकांच्या रजा, मुलांच्या तक्रारी. "ह्यांचं काम मी कधी बघितलंच नाही. ते सारखं काहीतरी सांगत असायचे. मी हो हो म्हणायचे. या बिजागरीचं सांगितलं असेल. नसेलही. मला माहीत नाही, आणि माझ्या हाताला माहीत आहे."

त्यांनी तिथल्या तिथं डाव्या हातात एक नट घेतला आणि बोल्टवर फिरवून पाहिला. जमेना. आटे तिरके लागले, नट हातातून सुटून विमानाखाली घरंगळत गेला. बाईंना हसू आलं. ते अर्ध्यावरच थांबलं.

मास्तरांनी सगळं उघडायचं ठरवलं. "झोपेत केलेल्या कामावर मी सही करणार नाही," ते म्हणाले. "तुमच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. वर माणूस बसणार आहे." बाईंनाही ते पटलं. मागच्या दाराला शेडच्या बाजूनं दुसरी कडी बसवा, असं त्यांनीच सांगितलं.

मास्तरांनी एकेक बिजागरी सोडली, पुसली, मापली, परत बसवली. कशातही खोट निघाली नाही. नव्या कोयंडीसाठी पत्र गेलं आणि ती यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मास्तर दुपारी शेडमध्येच बसायला लागले. डबा तिथंच खायचे. अडीचच्या सुमाराला आतल्या बाजूनं अनवाणी पावलं यायची, दाराशी थांबायची. कडी निघाल्याचा आवाज व्हायचा, दार जरासं पुढं येऊन मास्तरांच्या कडीवर अडायचं. धक्का नाही, आदळआपट नाही. नुसतं दार टेकलेलं राहायचं आणि फटीतून श्वास ऐकू यायचा. अर्ध्या तासानं पावलं परत जायची. एकतीस वर्षं मास्तरांनी पावलं ऐकली होती. ही बाईंची नव्हती. बाई टाचेवर चालायच्या, ही पावलं चवड्यावर पडत होती. त्यांनी हे बाईंना सांगितलं नाही.

एके दुपारी फटीतून शब्द आले. "काय करतोस रे?"

मास्तरांनी घास खाली ठेवला. "वाट बघतोय," ते म्हणाले. "नवी कोयंडी यायचीय. जुनी काढून टाकली."

मग पावलं गेली.

कोयंडी आली. मास्तरांनी तिला रॉकेल आणि खडू लावून पाहिलं, दोनदा. बसवली. तिन्ही बिजागऱ्यांतून ताणलेला दोरा ओवून रेष तपासली. रडर बोटानं ढकलला तर तो पाण्यात वल्हं फिरावं तसा गेला आणि आला. नट आवळला, पिन घातली, लाल रंगाची डबी उघडली. मग घड्याळाकडे पाहिलं आणि ती तशीच बाकावर ठेवून त्यांनी मागच्या दाराची कडी काढली.

बाई आल्या. थेट शेपटीशी गेल्या. मास्तरांनी न सांगताच दिवा धरला. डाव्या हाताचा अंगठा नव्या कोयंडीवरून फिरला, वरून खाली, खालून वर. इतका वेळ फिरला की मास्तरांचा हात भरून आला. शेवटी बाईंनी कुंचला उचलला, डबीच्या काठाला निथळला आणि नटावर एक रेघ ओढली. उजवीकडे कललेली. मग मान हलवली आणि आत गेल्या.

मास्तरांनी नट पुन्हा तपासला. रेघ मात्र पुसली नाही. इतक्या सगळ्या रेघांमध्ये तेवढी एक वेगळी राहिली. विमान उडवायची परवानगी देणारा सरकारी तपासनीस आला तेव्हा त्याचं बोट तिच्यावर थबकलं, पण त्यानं नट पाहिला, पिन पाहिली आणि पुढं गेला. एकानं आत बसून विमान वळवायचा दांडा डावीकडे करायचा, दुसऱ्यानं बाहेरून डावा एलेरॉन वर गेला का पाहायचं, असं सगळं झालं. मग तपासनीसानं सही केली.

त्या दिवसानंतर दुपारी पावलं वाजली नाहीत. बाईंनी गोळी कमी करत करत सोडली. रात्रीची झोप परत आली.

पंख सुटे करून विमान गावाबाहेरच्या मैदानावर नेलं आणि तिथं परत जुळवलं. उडवायला तिथल्या फ्लाइंग क्लबातली एक वैमानिक होती, चाळिशीतली, कमी बोलणारी. पहिल्यांदा ती एकटीच गेली आणि अर्ध्या तासानं सुखरूप आली. चांगल्या वीसेक खेपा झाल्यावर तिनं बाईंना शेजारी बसवलं. मास्तर खाली कुंपणाशी मान वर करून उभे राहिले. विमान टेकड्यांवर गेलं, लहान झालं आणि एक मोठं, सावकाश वळण घेऊन परत आलं. इतकं गोल वळण, कंपासानं काढल्यासारखं.

बाई उतरल्या, जरा डोळे चोळत. "छान होतं हो," त्या म्हणाल्या. "पण मला मेलीला डोळा लागला वाटतं. टेकड्या बघायच्या राहिल्या."

वैमानिकेनं मास्तरांना बाजूला घेतलं. "त्या कधी शिकल्या होत्या?"

"काय?"

"विमान चालवायला. टेकड्यांपाशी त्यांनी डाव्या हातानं दांडा धरला. मी सोडून बघितलं. डोळे उघडे होते त्यांचे, पण मी विचारलेलं काही ऐकू जात नव्हतं. ते वळण त्यांचं होतं."

टपालवाले तरुणपणी क्लबात शिकले होते, हे मास्तरांना माहीत होतं. बाईंनी त्याआधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं, हेही माहीत होतं. "कुणास ठाऊक," ते म्हणाले.

बाईंना त्यांनी हे सांगितलं नाही. पुढं बाईंनी विमान क्लबाला दिलं आणि शेडमध्ये गल्लीतल्या मुलींसाठी अभ्यासिका काढली. मास्तर आठवड्यातून दोनदा मैदानावर जाऊन बिजागऱ्या बघतात, आणि क्लबातल्या बाकीच्या विमानांच्याही बघतात.

बायकोला मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं भांडी आवरता आवरता ऐकलं, मग हात पुसत समोर येऊन बसली.

"अहो," ती म्हणाली, "मग विमान खाली उतरवलं कुणी?"

हे विचारायचं मास्तरांना सुचलंच नव्हतं. उद्या वैमानिकेला विचारतो, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती भेटली, त्यानंतरही कितीदा तरी भेटली. त्यांनी विचारलं नाही.